सव्विसानंतर अठ्ठावीस

“लिफ्टमध्ये अडकलेला माणूस आधी देवाला हाक मारत नाही, घरी फोन लावतो,” असं तो एकदा भर सभेत म्हणाला होता.

प्रार्थना संपली की ज्याला काही सांगावंसं वाटेल त्यानं उभं राहून सांगावं, अशी मंडळींची पद्धत होती. बहुतेक जण त्या आठवड्यात देवानं कसं सांभाळलं ते सांगत. कुणाचा खोकला बरा झालेला असे, कुणाची हरवलेली किल्ली सापडलेली असे. हा सहसा उठत नसे. त्या दिवशी उठला, वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या सरळ आवाजात हे एवढं वाक्य बोलला आणि खाली बसला. चार-सहा जण हसले. पहिल्या रांगेतले मोठे काकासुद्धा हसले. मग त्यांनी मान वळवून आणखी कोण कोण हसलं ते पाहून घेतलं.

मोठे काका कुणाचेच सख्खे काका नव्हते आणि सगळ्यांचे होते. मंडळी म्हणजे एकूण एकेचाळीस घरं. लग्नं आपसांत, आजारपणं आपसांत, भांडणंही आपसांत. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाच्या घरी माणूस अंथरुणाला खिळला की न सांगता डबे सुरू होत आणि तो उठून बसला की न सांगता बंद होत. बाहेरच्या माणसाला हेवा वाटावा असं सगळं होतं. आणि रोज संध्याकाळी सात वाजता विचारपूस होती.

विचारपूस म्हणजे फोन. सातच्या ठोक्याला मोठे काका पहिल्या घरी फोन लावत आणि विचारत, “सगळे आत?” पहिलं घर म्हणे, “आत.” मग पहिलं घर दुसऱ्याला विचारी, दुसरं तिसऱ्याला. असं करत एकेचाळिसावं घर परत मोठ्या काकांना फोन करी, तोवर सव्वासात उलटून गेलेले असत. फार पूर्वी मंडळींतली एक म्हातारी आपल्या खोलीत एकटी मरून पडली होती आणि तीन दिवस कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून हे सुरू झालं. ‘आत’ म्हणजे घरात, एवढाच तेव्हा अर्थ होता. पुढे तो वाढत गेला. कधी, कसा, ते कुणी पाहिलं नाही.

त्याचं घर सत्ताविसावं. घर कसलं, एक खोली, एक मोरी आणि खिडकीखाली हत्यारांचं कपाट. लग्न झालेलं नव्हतं. दोनदा जमवायचा प्रयत्न झाला. दोन्ही वेळा मुलीकडच्यांनी ‘मुलगा चांगला आहे, पण बोलत नाही,’ असं कळवलं. सव्विसावं घर ताईचं, दोन गल्ल्या सोडून. ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. शाळेतून येताना रस्त्यावरचे खिळे वेचून खिशात भरायचा, खिसे फाडायचा, आणि ते खिसे ताई शिवायची. म्हणून ती त्याला खिळ्या म्हणे. तो चाळिशी ओलांडून गेला तरी खिळ्याच. अठ्ठाविसावं घर मास्तरीणबाईंचं. त्यांना ऐकू कमी येई, त्यामुळे पलीकडून कोण काय म्हणतंय याची वाट न बघता त्या ओरडत, “आत, आत! ठेव!”

त्याची रोजची हजेरी ही अशी दोन फोनांची होती. ताईचा येई, मास्तरीणबाईंना जाई. वीस सेकंदसुद्धा लागत नसत.

एका संध्याकाळी तो एका सात मजली इमारतीत लिफ्टच्या टपावर उकिडवा बसला होता, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये. दाराचं कुलूप पुरतं बसत नव्हतं, म्हणून लिफ्ट निघत नव्हती. फोन खाली पिशवीत राहिला होता. ताईनं सात वाजून बारा मिनिटांनी फोन केला, मग पुन्हा केला, मग आणखी चार वेळा केला. मग मोठ्या काकांना कळवलं. साखळी सत्ताविसात तुटली होती.

पाऊण तासानं तो खाली उतरला, तर इमारतीच्या दाराशी बारा माणसं उभी होती. त्यांनी त्याच्या ऑफिसात विचारून पत्ता काढला होता. एक मावशी डोळे पुसत होती. मोठ्या काकांनी त्याचा ग्रीसनं माखलेला हात दोन्ही हातांत घेतला आणि सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले. परक्या इमारतीच्या जिन्यापाशी, पत्रपेट्यांसमोर, त्याच्यासाठी प्रार्थना झाली. भाजीच्या पिशव्या घेतलेले रहिवासी खोळंबून उभे राहिले. कुत्र्याला फिरवून आलेल्या एका गृहस्थानं, लिफ्टच्या कामावर त्याच्याबरोबर असणाऱ्या जोडीदाराला हळूच विचारलं, “गेलं का हो कुणी?”

“नाही, सापडलं,” जोडीदार म्हणाला.

“हरवलं कोण होतं?”

“हाच. टपावर होता.”

जोडीदाराला त्यानंतर आठवडाभर हसू पुरलं. त्याला मात्र त्या दिवसापासून एक विचित्र त्रास सुरू झाला. लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरीत, तेलाच्या आणि गंजाच्या वासात, तो मोकळा श्वास घेई. बाहेर उजेडात आला, रस्त्यावर मंडळींतलं कुणी भेटलं, ‘काय रे, बरा आहेस ना?’ म्हणालं, की छातीत कुलूप अडकल्यासारखं होई. सहा वाजल्यापासून त्याचं लक्ष घड्याळाकडे जाई. सात वाजता ताई विचारी, “सगळे आत?” आणि तो एकटा माणूस त्या ‘सगळे’कडे बघत बसे.

तीन आठवड्यांनी त्यानं मोठ्या काकांना चिठ्ठी लिहिली. ‘तुमच्याबद्दल तक्रार नाही. रोज मी आत आहे असं म्हणतो, ते आता मला खरं वाटत नाही. खोटं बोलवत नाही. यादीतून माझं नाव काढावं.’

मोठे काका स्वतः आले. एकच खुर्ची होती, ती त्यांना दिली. तो पलंगाच्या कडेला बसला.

“कुणी काही बोललं का तुला?”

“नाही काका.”

“लग्नाचं जमलं नाही, म्हणून?”

“छे.”

“मग घोडं कुठं अडलंय, बाबा?”

“मी हरवलो नव्हतो, काका. कामावर होतो.”

“आम्हाला काळजी वाटली रे.”

“तेच.”

मोठे काका हत्यारांच्या कपाटाकडे बघत उठले. ते वाईट मनाचे नव्हते. जाताना दारात म्हणाले, “आम्ही कुणाला हाकलत नाही. नुसतं नाव काढतो. पण यादीत नाही त्याच्याशी बोलणं नाही, हे तुला माहीत आहे. फोन नाही, दारात नाही. रस्त्यात मान हलवायला हरकत नाही. आणि सत्तावीस आकडा मी कुणाला देणार नाही. सव्विसानंतर एकदम अठ्ठावीस. परत यावंसं वाटलं तर जागा मोकळी आहे.”

सोमवारी नवी यादी घरोघर गेली. सव्विसानं आता अठ्ठाविसाला फोन करायचा होता. त्या संध्याकाळी बरोबर सात वाजता बाहेर पडून नदीपर्यंत चालत जायचं, असं त्यानं ठरवलं होतं. बूट घातले. बूट घालून पलंगावर बसला. सात वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला.

“सगळे आत?” ताईचा नेहमीचा दमलेला आवाज. मागे नळ चालू.

“आत,” तो म्हणाला.

फोन बंद झाला. त्याच्या अंगठ्यानं सवयीनं मास्तरीणबाईंचा नंबर लावला. “आत, आत! ठेव!” मग कुठे त्याच्या लक्षात आलं की आपण काय केलं. ताईचा फोन जुन्यातला, बटणांचा. तिसरं बटण दाबून धरलं की त्याला लागे. बोटांना नवी यादी कुणी वाचून दाखवली नव्हती. ना तिच्या, ना याच्या.

दुसऱ्या दिवशी फोन येणार नाही, हे उघड होतं. तरी तो पावणेसातपासून खोलीत येरझारा घालत होता. सात बाराला फोन वाजला. या वेळी ‘सगळे आत’च्या आधी अर्धा श्वास जास्त होता. तेवढ्या अर्ध्या श्वासात दोघांनाही कळलं की आता ही चूक नाही.

“सगळे आत?”

“आत.”

असं आठ महिने चाललं. मंडळींतला कुणी ताकास तूर लागू देत नव्हता असं नव्हे. कुणाला माहीतच नव्हतं. साखळी जुन्याच वाटेनं जात होती आणि वेळेवर मोठ्या काकांकडे परतत होती. त्यात मध्ये एक बाहेरचा माणूस होता एवढंच.

मोकळा झालेला माणूस काय करतो? त्यानं प्रार्थनेच्या वेळी बाजारात जाऊन पाहिलं. भाजीवालीनं चार वेळा ‘काय देऊ?’ विचारलं आणि तो काहीच न घेता परतला. सिनेमाला गेला, तिथं पडद्यापेक्षा दारावरच्या लाल दिव्याकडे बघत बसला. एका रविवारी एका रस्त्याच्या टोकापर्यंत गेला आणि टोकाला काहीच नाही म्हणून उलट आला. हात कुठे ठेवावेत ते कळत नसे. आणि ज्या सात वाजण्यापायी त्यानं सगळं सोडलं, ते सात वाजणं आता त्याला घट्ट धरून बसलं. संध्याकाळची कामं तो टाळू लागला. तळघरातल्या लिफ्टला हात लावीना, कारण तिथं फोन लागत नसे. चालू काम टाकून गच्चीवर पळे.

“काय महाराज, देवाचा फोन यायची वेळ झाली का?” जोडीदार विचारी.

“गप रे.”

“मंडळी सोडलीस म्हणतोस, आणि रोज सात वाजले की तुझा जीव खालीवर. आधी तरी निवांत होतास.”

जोडीदाराचं म्हणणं खोटं नव्हतं. दिवसभर तो कुणाशीच बोलत नसे असं नाही. दोऱ्या, ब्रेक, दारं, बिलं, सगळ्यांविषयी बोले. पण दिवसातला एक शब्द असा होता की जो म्हटल्यावर तो दिवस झाला असं वाटे. तो शब्द खरा नव्हता. म्हणून तर त्यानं चिठ्ठी लिहिली होती.

मग मास्तरीणबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यांचा फोन आठ दिवस सुनेकडे आला. सुनेला ऐकू नीट येई आणि तिचे डोळेही चांगले होते. पहिल्याच संध्याकाळी तिनं फोन न ठेवता विचारलं, “हॅलो, कोण बोलतंय?” त्यानं फोन बंद केला. पण नंबर उमटायचा तो उमटला होता, आणि सुनेनं तो मोठ्या काकांना दाखवला.

ताईच्या मुलीचं, त्याच्या भाचीचं, लग्न ठरलं होतं. मुलगा मोठ्या काकांचाच नातू. भाचीला तो मुलगा शाळेपासून आवडत होता आणि हे मंडळींतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. यादीबाहेरच्या माणसाशी जाणूनबुजून आठ महिने बोलत राहिलेल्या घराचं नाव वर्षभर यादीतून निघतं. नाव निघालेल्या घरात सोयरीक होत नाही. यात कुणाला कुणाचा राग नसतो. नियम असतो.

दोन दिवसांनी दुपारी तो एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत लिफ्टची तपासणी करत होता. दार ओढून ताई आत आली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तो तिला इतक्या जवळून पाहत होता. तिनं केस रंगवायचं सोडून दिलं होतं.

“वर घे,” ती म्हणाली.

“कितव्या?”

“कितव्याही. कुणी बघणार नाही असं कर.”

त्यानं दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबवली. जाळीच्या दारापलीकडे नुसती भिंत होती, प्लास्टर उडालेली.

“पडणार नाही ना रे ही?”

“मी बसवलेली दोरी आहे.”

“म्हणूनच विचारते.” ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा रडवेला झाला. तिनं पदरानं नाक पुसलं. “रविवारी सकाळी बोलावलंय. तुलाही निरोप येईल. सक्ती नाही म्हणतील, पण ये.”

“काय विचारणार?”

“मला विचारतील, तुला ठाऊक होतं का कोण बोलतंय. तुला विचारतील, तिला ठाऊक होतं का.”

“ठाऊक होतं.”

“अरे माझ्या बाबा! तेच तर नको आहे ना.” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “खिळ्या, एक वाक्य म्हण. परत आलो म्हण. सगळं मिटेल. मनापासूनच आला पाहिजेस असं मी कुठं म्हणते? लग्न होईपर्यंत ये. मग जा वाटेल तिकडे.”

“नाही जमणार ताई.”

“मग निदान म्हण, की ती ओळखत नव्हती.”

“मी खोटं बोलत नाही. त्यासाठीच तर बाहेर पडलो.”

ताईनं त्याच्याकडे लहानपणी फाटक्या खिशाकडे बघायची तसं पाहिलं. “हो का? मोठा आलाय हरिश्चंद्र! आणि आठ महिने रोज सात वाजता ‘आत’ म्हणत होतास, ते काय होतं?”

खालून कुणीतरी दार वाजवू लागलं. “अहो, पेशंट आहे! लिफ्ट सोडा!”

“एक मिनिट!” तो ओरडला.

“ते तरी सांग,” ताई म्हणाली. “काय होतं ते?”

“तुला सांगत होतो.”

“काय सांगत होतास?”

“काही नाही. आहे म्हणून.”

ताई भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मी नाही म्हणणार आहे. नाही ओळखला म्हणेन. पोरीसाठी मी काय वाटेल ते म्हणेन, आधीच सांगून ठेवते. तुझं तू बघ.”

“सोडा हो लिफ्ट!” खालचा माणूस आता चिडला होता. भावानं आतलं बटण फिरवलं. तळाशी दार उघडलं तेव्हा चाकाच्या खुर्चीवरचे एक आजोबा आणि त्यांचा मुलगा उभे होते. “काय झालं होतं?” मुलानं विचारलं. “अडकली होती,” ताई म्हणाली आणि मागे न बघता निघून गेली.

रविवारपर्यंत रोज सात वाजता फोन गप्प राहिला. त्यानं काम केलं, जेवला, कपडे धुतले, एक जुना ब्रेक उघडून पुन्हा जोडला आणि एक स्क्रू उरला म्हणून पुन्हा उघडला. होय म्हणावं तर भाची बुडते. नाही म्हणावं तर तो स्वतः. यापलीकडे विचार जात नव्हता. तो जिने चढत होता आणि उतरत होता.

सभागृहात त्याच्या ओळखीच्या सगळ्या खुर्च्या होत्या. एक खुर्ची पुढे, बाजूला ठेवलेली. तो तिच्यावर बसला. काही जणांनी मान हलवली, रस्त्यात हलवतात तशी. भाची खिडकीजवळ बसली होती, तिनं मान हलवली नाही. नुसतं पाहिलं. ती चार वर्षांची असताना तिला लिफ्टच्या टपावर बसायचं होतं. त्याची आठवण व्हावी असं तिचं बघणं होतं.

मोठ्या काकांनी फार लांबवलं नाही. ताईला उभं केलं.

“बाई, नवी यादी तुला मिळाली होती?”

“मिळाली होती.”

“तरी तू जुन्याच नंबरवर फोन करत राहिलीस.”

“बटणाची सवय, काका. तीन नंबर दाबला की झालं. मला वाटलं, आता तो मास्तरीणबाईंकडेच लागतोय.”

“बटणाला कसं कळणार यादी बदलली ते?” मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. काकांनी हात वर केला.

“आणि पलीकडे पुरुषाचा आवाज यायचा, त्याचं काय?”

“मला वाटलं, मास्तरीणबाईंचा मुलगा फोन उचलतो.”

“माझा मुलगा?” मास्तरीणबाई एका डोळ्यावर पट्टी बांधून बसल्या होत्या. हे मात्र त्यांना ऐकू आलं. “तो सातला घरी असतो कधी?” पुन्हा हसू. सून जमिनीकडे बघू लागली.

मोठ्या काकांनी हसू विरू दिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट, दार कुठूनतरी उघडावं म्हणून चाचपणाऱ्या माणसासारखे ते दिसत होते. त्यांच्याही घरातलं लग्न होतं.

“बाई, तू त्याला लहानाचा मोठा केलास. आठ महिने, रोज. भावाचा आवाज ओळखला नाहीस?”

ताई दोन्ही हात एकमेकांत घालून उभी होती.

“नाही ओळखला.”

“नक्की?”

“माझ्या भावाचा नव्हताच तो आवाज, काका.” ती एवढ्या स्पष्टपणे बोलली की शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. “असता, तर ओळखला नसता का?”

कुणी हसलं नाही. खिडकीची एक झडप वाऱ्यानं आपटत होती, ती भाचीनं हात लांब करून धरून ठेवली.

मोठे काका त्याच्याकडे वळले. “तिचा शब्द आम्हाला पुरे आहे. तो खोटा म्हणू शकेल असा इथं एकच माणूस आहे. म्हणून विचारतो. ती म्हणते ते खरं ना?”

तो उठून उभा राहिला. एकेचाळीस नव्हे, चाळीस घरं त्याच्याकडे बघत होती. घसा साफ केला असता तरी तो आवाज सगळ्यांनी ओळखला असता. ताई बघत नव्हती. ती त्याच्या बुटांपाशी कुठेतरी नजर लावून, लहानपणी त्याला ताप आला की त्याचा श्वास ऐकत बसायची तशी उभी होती.

“बोल बाबा,” मोठे काका म्हणाले. “होय किंवा नाही. काहीतरी बोल.”

त्यानं खुर्ची आवाज न करता मागे सारली. ताईच्या शेजारून, दोन रांगांच्या मधून, तो दारापर्यंत चालत गेला, आणि बाहेर पडला. ताईचा शब्द खोटा म्हणू शकेल असं आता आत कुणी उरलं नव्हतं.